मनातलं ओळखणारा एजंट

तक्रार विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. हिशेबवाले, गोदामवाले, झाडून सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे आ वासून बघत होते. आमची कंपनी पेशंटना घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने देते. मशीन बिघडलं की पेशंट मेसेज करतो आणि पडद्यावर लाल ओळ उमटते. हल्ली ती डोळ्याचं पातं लवायच्या आत हिरवी व्हायची. तक्रार मिटली, कोणी बोटही न लावता!

हा प्रताप सल्लागारबुवांच्या एजंटचा. एजंट म्हणजे आपणहून कामं उरकणारा सॉफ्टवेअरचा गडी. बुवांच्या मते त्याला पेशंटची वेदना आतूनच कळायची. साहेब बुवांसाठी स्वतः खुर्ची पुसायचे. माझं डोकं मात्र भणभणत होतं. माझ्या मावशीचं मशीन बंद पडलं होतं. तिने मेसेजवर मेसेज केले, दर वेळी गोड उत्तर आलं, मेकॅनिक काही फिरकला नाही. 'काम होतंय, भाच्याला कशाला त्रास,' म्हणून मला बोललीसुद्धा नाही. परवा ती गेली, तेव्हा तिच्या फोनवर मला हे सगळं दिसलं.

तिच्या डॉक्टरीणबाईंना मीच बोलावलं होतं. मावशीचा फोन हातात घेऊन त्या गर्दीतून पुढे आल्या आणि तुमच्या एजंटला खरंच सगळं कळतं का, असं त्यांनी बुवांना विचारलं.

"ताई, तुम्ही सांगण्याआधी त्याला कळतं," बुवा डोळे मिटून म्हणाले.

बाईंनी मेसेज लिहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला, "मी परवा वारले. मशीन शेवटपर्यंत बंदच होतं."

लाल ओळ उमटली. हिरवी झाली. फोनवर उत्तर आलं: 'आपली अडचण दूर झाली आहे. तब्येतीची काळजी घ्या.'

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडावर हात धरला.

मग बाईंनी साहेबांना एजंटचे नियम उघडायला लावले. मेसेज आला की एजंट जागा होतो आणि उत्तर धाडतो. उत्तर गेलं की तक्रार बंद होते. तक्रार बंद, म्हणजे मेकॅनिकला निरोपच नाही. झालं, एवढंच ते अंतर्ज्ञान! पूर्वी फोनवर मशीनची घरघर कानाने ऐकल्याशिवाय आम्ही तक्रार बंद करत नसू. बुवांनी ती पायरी वेळखाऊ म्हणून काढली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

बुवा शांतपणे बॅग आवरत म्हणाले, "नियमांवर सही तुमच्या साहेबांची आहे."

खोटं नव्हतं ते.

बाबांनो, यंत्राला शिव्या देऊ नका, ते सांगितलं तेवढंच करतं. पण पुढच्या वेळी काही आपोआप घडलं, तर हात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे कशामुळे झालं? आणि ते खरंच झालं का, हे जाऊन पाहिलं कोणी? आम्ही धडधाकट माणसं, एकानेही विचारलं नाही. मावशी विचारत होती, श्वास पुरेना तरी विचारत होती, आणि आम्ही तिला हिरवं करत होतो.