टोपी खिशात घालून पडणारा माणूस

आमच्या ह्यांचं, म्हणजे हेमराज यांचं, धरणगावला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. हौस मात्र पिच्चरची. धुळ्याकडची पोरं अहिराणी पिच्चर काढतात, मोबाईलवर सोडतात, त्यात ह्यांना बोलावणं येतं. हिरो कधीच नाही. एकदा सरपंचाच्या मागे उभं राहून नुसतं 'हा नाना' म्हणाले. एकदा तिरडीवर झोपले, तर झेंडूची पाकळी नाकात गेली आणि शिंकले. ती शिंक तशीच ठेवली, लोकांना फार आवडली.

पण गाजला तो बेवडा. पारोळ्याच्या बाजारातून झोकांड्या खात येतो, गटारीपाशी थांबतो, डोक्यावरची पांढरी टोपी काढतो, नीट घडी घालून खिशात ठेवतो आणि मगच गटारीत पडतो. एवढंच काम.

आमच्या कामिनीला शिरपूरचं स्थळ आलं तेव्हा मला त्या बेवड्याचीच धास्ती होती. मुलगा कुंदन. दोघं फोनवर बोलले होते आणि तेव्हापासून आमची पोरगी भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती. आता नकार आला तर नुसतं स्थळ जाणार नव्हतं.

रविवारी कुंदन, त्याचे वडील जीवरामभाऊ आणि आजी मंजुळाबाई आले. पोहे दिले. मंजुळाबाईंनी पहिला घास घेतला, ह्यांच्याकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"हाऊ तर तोच बेवडा शे!"

"आई, ते पिच्चर असतं," जीवरामभाऊ ओशाळले.

"हिंदी पिच्चरमातला लोके खोटा ऱ्हातस, माले म्हाईत शे. पन हाऊ आपली बोली बोली ऱ्हायना व्हता. पारोळाना बजारमा पडना."

आपल्या बोलीत बोलणारा, ओळखीच्या गटारीत पडणारा माणूस खोटा, हे त्यांना पटेना. कामिनी दारात उभी होती, तिचा चेहरा पाहवेना.

"भाऊ, खरं सांगा. पेतस का तुम्ही?" मंजुळाबाईंनी ह्यांना विचारलं.

"नाही अक्का. चहा सोडून काही नाही."

"मंग ती टोपी कोनी सांगी? पिच्चरवालानी?"

मी ह्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. म्हणा ना, हो, डायरेक्टरने सांगितलं. एक शब्द. पण आमचे हे कामाच्या बाबतीत हट्टी. ते श्रेय दुसऱ्याला देईनात.

"कोणी सांगितली नाही," ते म्हणाले. "माझे वडील तसे पडायचे. माणूस मळला तरी चालेल, टोपी मळता कामा नये."

झालं. बेवड्याच्या घरातली पोरगी कोण करतो? मी रिकामे पेले उचलायला लागले, हाताला काहीतरी काम हवं होतं.

मंजुळाबाई मात्र पुढे सरकल्या. "मना मालक बी," त्या म्हणाल्या. "गटारमा पडेत, पन टोपी पांढरीफटक. मी आंग धुऊ, टोपी धुवानी गरजच नही."

"आई!" जीवरामभाऊ उठलेच. मध्यस्थाने आम्हाला सांगितलं होतं, आजोबा हार्टने गेले.

"काय आई? त्यासनी त्यासना बाप सांगा. मी मना मालक सांगू नको?"

कुंदन खाली बघून हसू दाबत होता. मंजुळाबाईंनी कामिनीला जवळ बोलावलं.

"पोरी, बाप गटारमा पडना तव्हय तू रडनी का हासनी?"

"दोन्ही नाही आजी," कामिनी म्हणाली. "मी कॅमेऱ्याच्या मागे कोरडा शर्ट घेऊन उभी होते. आणि गटार आम्ही सकाळी तिघांनी धुऊन काढली होती."

म्हातारी एवढी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. नुसतं हसू होतं की आणखी काही, मी विचारलं नाही. मग बशी पुन्हा उचलून त्यांनी गार झालेले पोहे संपवले आणि मला म्हणाल्या, "इहीनबाई, कुकू आना."

कुंकू लागलं. गाडीत बसताना मंजुळाबाईंनी ह्यांना बजावलं, "आते तुम्ही आमना याही शेतस. गटारमा पडू नका. सरपंच व्हा."

"हो अक्का," हे म्हणाले.

गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "अगं, दुसऱ्या भागात पण बेवडाच आहे. हो म्हणून बसलोय."

"मग?"

"यावेळी गटारीऐवजी उकिरड्यावर पडतो," ते म्हणाले. "उकिरड्याचं काही बोलल्या नाहीत त्या."