वॉर्निशचा तिसरा हात

जमिनीवरच्या लिनोलियमचा कोपरा उचलला तसा खालून असा काही भपकारा आला, की बेबी नाक दाबून खिडकीकडे पळाली. शी! जन्म गेला तिचा इस्पितळाच्या धुलाईखान्यात, रक्तापुवाच्या चादरी उपसण्यात. तिथे तिने कधी नाक मुरडलं नाही. पण हा वास घरचा होता, अण्णांचा. तिचा हा बाप शेवटची कित्येक वर्षं या खोलीत पडून होता. भांडं हाताशी असताना मुद्दाम जमिनीवर थुंकायचा, भरलेलं भांडं लवंडून द्यायचा. पुसायला बेबी होतीच.

वयाची पन्नाशी उलटली तरी घरात ती बेबीच. लग्नाचं राहून गेलं, राहून गेलं कसलं, राहू दिलं सगळ्यांनी. झोपायला स्वयंपाकघर, ओट्याशेजारी वळकटी. दादा पलीकडच्या गल्लीत बायकोबरोबर थाटात राहायचा. कधीतरी यायचा, दारातूनच "काय अण्णा, बरं ना?" विचारायचा आणि सटकायचा. अण्णा गेल्यावर तो म्हणाला होता, की त्या उकिरड्यात कोण पाय ठेवणार. तुला साफ करून घ्यायची तर घे, खोली तुझी. बेबीने ते शब्द मनात घट्ट धरून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा तिला दार लावून झोपता येणार होतं.

सुताराने कुजलेल्या फळ्या बदलल्या, वर टाकायचं प्लायवूड मापात कापून दिलं. लाकूड फुगतं, भिंतीपाशी बोटभर जागा सोडा. आणि वॉर्निश खिडकीकडून सुरू करून मागे मागे दाराकडे या, नाहीतर आतच अडकाल, एवढं बजावून तो गेला. बाकीचं बेबीने केलं. जुन्या फळ्या सोड्याने घासताना ब्रशला काळं, चिकट काहीतरी लागून यायचं. तिला ओकारी यायची. मग ती अण्णांना मोठमोठ्याने शिव्या घालायची. ते जिवंत असताना हे कधी जमलं नव्हतं. फळ्या वाळल्यावर तिने प्लायवूड स्क्रूने आवळलं, फटींत लांबीचा लगदा भरला, पॉलिशपेपरने इतकं घासलं की गाल टेकवला तरी टोचू नये. मग वॉर्निशचा एक हात, तो वाळल्यावर दुसरा. खोली उजळली आणि तो मेला वास एकदाचा गेला.

दादा-वहिनी बघायला आले. वहिनींनी चक्क चपला दाराबाहेर काढल्या. बेबी हरखूनच गेली. तिने पेलाभर पाणी मुद्दाम जमिनीवर ओतलं आणि फडक्याने टिपून दाखवलं.

"बघा वहिनी, काहीही सांडू दे, थेंब मुरत नाही. एकदा फडकं फिरवलं की झालं."

वहिनींनी दादाकडे बघितलं, दादाने छताकडे. अण्णांना बेबीच्या गळ्यात घातलं होतं तेव्हाही हे दोघं असेच बघत होते. मग वहिनी गोड आवाजात सांगू लागल्या, की त्यांच्या आईचं हल्ली सगळं अंथरुणातच होतं, आणि त्यांच्याकडे तर घरभर गालिचे. इथे कसं, सोयीचं पडेल.

"आणि तुला सवय आहे," दादा म्हणाला. "उद्या सकाळी घेऊन येतो त्यांना."

"खोली माझी म्हणाला होतास."

"अगं, तुझीच आहे. तूही झोप की इथे, त्यांच्याजवळ."

फळ्यांवरची घाण खरवडताना आली नव्हती इतकी किळस तिला आता आली. दादाची आली, वहिनींच्या गोड आवाजाची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची. पेला घेऊन, दुकानदारासारखी, तीच तर दाखवत बसली होती.

सकाळी तिने वळकटी आणि पाण्याचा तांब्या खिडकीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, खिडकी सताड उघडली, आणि वॉर्निशचा तिसरा हात द्यायला घेतला. सुरुवात केली ती उंबऱ्यापासून. मागे मागे सरकत ती कोपऱ्यात पोचली तेव्हा जिन्यावर दादाचे बूट वाजले.

त्याने आत टाकायला पाय उचलला.

"ओलं आहे, दादा."

"मग आम्ही यायचं कुठून? कधी वाळणार हे?"

"वाळेल. मग मी अजून एक हात देणार आहे."

खाली गाडीत म्हातारी खोकली. सवयीने बेबीचा हात फडक्याकडे गेला. म्हातारीची तिला कीव आली, पण हात तिने मागे घेतला. डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि ती वळकटीवर टेकली. दादाने उचललेला पाय उंबऱ्याबाहेर ठेवला. दोघांच्या मध्ये सगळी जमीन चमकत होती, आणि तिच्यात त्याचे बूट उलटे दिसत होते.