घंटा आणि आदेश यांच्या मधे

एकतीस वर्षं मी विधानसभेत शॉर्टहँड घेतेय. हुद्दा मोठा आहे, प्रतिवेदक म्हणून. पण कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, ते बोलतात आणि मी लिहिते. अध्यक्षांच्या आसनाखाली आमचं टेबल असतं. दहा-दहा मिनिटांची पाळी. पाळी संपली की आत जाऊन टाइप करायचं, पुन्हा येऊन बसायचं. त्या टेबलाशी बसून मी इतकी भाषणं ऐकलीत, की घरी कुणी ‘थोडक्यात सांगतो’ म्हणालं तरी मी उठून स्वयंपाकघरात जाते.

आमच्याकडे एक गोष्ट पक्की. माझ्या वहीत आलं ते सभागृहात बोललं गेलं. वहीत आलं नाही, तर घसा फोडून बोललेलं असो, ते बोललंच गेलं नाही. कुणी नियम सोडून बोलायला लागलं की अध्यक्ष आधी घंटा वाजवतात आणि मग आदेश देतात, ‘हे नोंदवलं जाणार नाही.’ आदेश आला की पेन वर उचलायचं. घंटा आणि आदेश यांच्या मधे दोन-तीन श्वासांचं अंतर असतं. तेवढ्यात बोललेलं नियमाने लिहायलाच हवं. पण माझ्या हाताला खोड लागली होती. घंटा ऐकली की पेन आपोआप वर. माइकवाल्याचंही तसंच, घंटा झाली की त्याचं बोट बटणावर. कधी कुणाचं अडलं नाही, कारण त्या दोन श्वासांत लोक ‘अहो बसा’ आणि ‘तुम्ही बसा’ यापलीकडे काही बोलत नाहीत.

त्या दिवशी अडलं.

सकाळी फाटकाशी माझी धाकटी बहीण उभी होती. नऊ दिवसांत तिचा चेहरा एवढासा झाला होता. नऊ दिवसांपूर्वी पाण्याच्या पाइपांसाठी डोंगरात खणलेला बोगदा कोसळला, आणि आमचा ठेंगू आत होता. ठेंगू म्हणजे तिचा मुलगा. सहा फूट उंच, म्हणूनच ठेंगू. माझ्याकडे आला की दारात मान वाकवून म्हणायचा, “मावशी, हे दार माणसांसाठी केलंय की मांजरांसाठी?” आणि दर वेळी डोकं आपटून घ्यायचा, मेला.

सात जण मिळाले. ठेंगू मिळाला नाही, आणि पंपावरचा एक मुलगा मिळाला नाही. दोघंही त्याच दिवशी कामावर लागले होते, कंत्राटदाराच्या माणसाने सकाळी उभ्या उभ्या घेतले. हजेरीपटावर नाव चढायच्या आत डोंगर खाली आला. खात्याचं म्हणणं, हजेरीपटावर सात, मिळाले सात, बाकी कुणी आत गेलंच नव्हतं. “आत गेला नाही तर मग घरी का आला नाही?” बहिणीने प्रत्येक कचेरीत एवढं एकच विचारलं. शुक्रवारी बोगद्याचं तोंड काँक्रीटने बंद करणार होते.

तिच्याबरोबर आणखी एक बाई होती, वाळकी, हातात कापडी पिशवी. “पंपावरच्याची आई,” बहीण म्हणाली. मी दोघींचे पास काढले होते. बाईने मान हलवली.

“होईल ना ग ताई आज?” बहिणीने विचारलं.

“होईल,” मी म्हटलं. कारण त्यांच्या भागाच्या आमदार मास्तरीणबाई प्रश्न विचारणार होत्या. आधी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना अजून मास्तरीणबाईच म्हणतात. नाव घेऊन विचारलेला प्रश्न कामकाजात आला, की खात्याला त्या माणसाबद्दल लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि उत्तर येईपर्यंत त्या जागेला हात लावता येत नाही. नाव नसेल तर ‘माहिती घेतो’ म्हणतात आणि वाटेला लावतात. म्हणून दोन नावं वहीत यायला हवी होती. बस, एवढंच.

आणि आता मी काय केलं ते ऐका. माझ्या जोडीदाराला आम्ही पोपट म्हणतो, कारण ऐकलेलं तो जसंच्या तसं उतरवतो. बाईंच्या प्रश्नाची दहा मिनिटं त्याच्या पाळीत येत होती. मी त्याच्या हातापाया पडून पाळी बदलून घेतली. म्हटलं, माझ्या ठेंगूचं नाव मी लिहिणार. घरी कायम ठेंगूच म्हणत आलो, त्याचं पूर्ण नाव मी शॉर्टहँडमध्ये आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. आदल्या दिवशी मी ते वीस वेळा गिरवून ठेवलं होतं.

मंत्र्यांचं निवेदन झालं. दुःखद घटना, सात कामगार, शोध पूर्ण, शासन कुटुंबीयांच्या पाठीशी. मी लिहीत होते. वर प्रेक्षकांच्या सज्जात त्या दोघी बसल्या होत्या, तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

मास्तरीणबाई उठल्या. “नऊ माणसं आत गेली, अध्यक्ष महोदय. सात मिळाली. दोन कुठे आहेत?”

मंत्री म्हणाले, “हजेरीपटावर सातच नावं आहेत.”

“मग मी हजेरी घेते,” बाई म्हणाल्या आणि पर्समधून चिठ्ठी काढली.

“एका सदस्याला एकच प्रश्न,” अध्यक्ष म्हणाले. “तुमचा प्रश्न झाला. खाली बसा.”

बाई बसल्या नाहीत. अध्यक्षांनी घंटा वाजवली. बाईंनी वर्गात घेतात तसं स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून ठेंगूचं पूर्ण नाव घेतलं, त्याचं, बापाचं, आडनाव, आणि विचारलं, “कुठे आहे?”

अध्यक्ष म्हणाले, “हे नोंदवलं जाणार नाही.”

मग जो गोंधळ उठला! बाकं बडवली, अर्धं सभागृह पुढे धावलं. त्या गोंगाटात बाईंचे ओठ हलताना मला दिसले. दुसरं नाव घेत होत्या. एक अक्षर माझ्या कानावर आलं नाही. मार्शल त्यांना दिवसभरासाठी बाहेर घेऊन गेले. माझी पाळी संपली.

बाहेर व्हरांड्यात बहिणीने माझे दोन्ही हात धरले. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जीव दिसत होता. “किती स्पष्ट घेतलं ग नाव! अख्ख्या सभेने ऐकलं. आता नाही ना बंद करणार? झालं ना, ताई?”

मी वही उघडली. ‘तुमचा प्रश्न झाला. खाली बसा.’ इथपर्यंत माझ्या हाताचं, खाली घंटेची खूण. मग आदेश. मधे काही नाही. कोरं.

मी पान उलटून पाहिलं, मागेही नव्हतं. वीस वेळा गिरवलेलं नाव! समोरून आलं तेव्हा माझं पेन वर होतं, घंटेसाठी. डोळ्यांसमोर तो दारात मान वाकवून उभा राहिला आणि मी त्याला आत घेतलं नाही. पोपटाने लिहिलं असतं. त्याला कसलीच खोड नाही. मी हौसेने, मायेने पाळी बदलून घेतली आणि स्वतःच्या हाताने पोराला डोंगराखाली ठेवलं.

“आलेच,” एवढं म्हणून मी तिथून पळाले.

माइकवाल्याकडे गेले. त्याने ती जागा लावून दाखवली. घंटा, आणि पुढे नुसती खरखर, मग अध्यक्षांचा आवाज. “घंटेला बंदच करतो ना मी,” तो म्हणाला. “तुम्हीही पेन उचलताच की.”

पोपट म्हणाला, “तुम्हाला नाव माहीत आहे. लिहून टाका. घंटेनंतर, आदेशाआधी, नियमात बसतं.”

“नुसतं लिहून चालत नाही. टेपला नाही, तर अध्यक्षांची सही लागते.”

“मग जा. पण एकच बसतं हं,” तो खाली बघत म्हणाला. “दुसरं आदेशानंतर घेतलं. मी दारातून बघत होतो.”

हे मलाही ठाऊक होतं. ठेंगू बोगद्याच्या टोकाशी खणत होता. पंपावरचा मुलगा बाजूच्या आडव्या फाट्यात. एकाच नावाचा शोध असेल तर एकाच्याच जागी खणतील. तो मिळाला की काँक्रीट. व्हरांड्यात कापडी पिशवी घेऊन बसलेल्या बाईला मी काय सांगणार होते? तुमच्या मुलाचं नाव एक श्वास उशिरा आलं?

अध्यक्षांच्या दालनात मी बसले नाही. ते जुने वकील, चष्मा कपाळावर, पुढ्यात गार झालेला चहा. मी सांगितलं, “साहेब, चूक झाली. घंटेला पेन उचललं. आदेश नंतर आला. मधलं राहिलं.”

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

“एकतीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा चूक सांगताय,” ते म्हणाले.

“करत रोजच आले, साहेब. आज कळली.”

“बरं. मधे काय म्हणाल्या बाई?”

व्हरांड्यापासून दालनापर्यंत मी एकच वाक्य घोळवत आले होते: एक नाव, साहेब. खरं होतं, नियमात बसत होतं, माझं कामही होत होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, “दोन नावं.”

“दोन?”

“दोन. दोन्हींपुढे ‘कुठे आहे’.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “मला आठवतं त्याप्रमाणे मी पहिल्या नावालाच आदेश दिला.”

एकतीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं बोलणं मी खरं करून नाही, जसंच्या तसं लिहिलं. माझं स्वतःचं एकही खोटं नव्हतं त्यात.

“यातलं कुणी तुमचं आहे?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“पहिला माझ्या बहिणीचा मुलगा.”

“आणि दुसरा?”

“दुसरा कुणी नाही, साहेब. त्याला मी पाहिलेलंही नाही.”

ते उठून खिडकीशी गेले. माझ्या भाच्याचं नाव नियमानेच आत येत होतं. खोटं होतं ते दुसऱ्याच्या मुलासाठी, हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं.

“माझं आठवणं कामकाजात धरत नाहीत,” शेवटी ते म्हणाले. “तुमचं लिहिलेलं धरतात. नीट लिहून आणा. सही करतो.”

मी दारापर्यंत गेले आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी ठासून खोटं बोलून आले, पण दुसरं नाव काय? मास्तरीणबाई चिठ्ठीसकट केव्हाच फाटकाबाहेर गेल्या होत्या. बहीण त्याला पंपावरचा म्हणायची. सकाळपासून त्या माउलीला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मी बहिणीला ओलांडून त्या बाईसमोर जमिनीवर बसले आणि वही गुडघ्यावर घेतली.

“मुलाचं नाव सांगा. पूर्ण.”

ती घाबरली. “का हो? बाईंनी घेतलं ना आत?”

“घेतलं. मला नीट हवंय.”

तिने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. माझा हात चालला. मी एकदा ऐकलेलं पुन्हा विचारत नाही, आमच्या धंद्यात ते कमीपणाचं. वही मिटणार तेवढ्यात तिने विचारलं, “पुन्हा सांगू?”

“नको. आलं.”

“पण सांगते,” ती म्हणाली. “नऊ दिवस झाले, कुणी विचारलंच नाही हो मला.”

आणि तिने पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज फुटला, पण एक अक्षर चुकलं नाही. मी प्रत्येक वेळी लिहिलं, एकाखाली एक, आणि शेवटच्या ओळीपुढे मास्तरीणबाईंचे दोन शब्द: कुठे आहे?

अध्यक्षांनी पाच वाजता सही केली. शुक्रवारी काँक्रीटची गाडी परत गेली. ठेंगू अकराव्या दिवशी मिळाला, पंपावरचा चौदाव्या दिवशी, आडव्या फाट्यात, पंपाला टेकून बसलेला. पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा व्हरांड्यात बहीण माझ्या खांद्यावरून वहीत वाकून बघत होती. तिला त्या रेघांतलं काय कळणार! “ताई,” ती म्हणाली, “यात ठेंगू कुठला?”

मी बोट ठेवून दाखवलं. त्या कोऱ्या जागेत, घंटेच्या खाली, मी त्याला दालनाकडे जातानाच लिहिलं होतं. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“एवढासाच होतो का ग लिहिला की?” ती म्हणाली, आणि नऊ दिवसांनी पहिल्यांदा मोठ्याने रडली.