डेसचा वाढदिवस

मेरिन पास्कोला स्वतःच्या नावाने दोन ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा. डेसच्या नावाने मात्र ती झरझर लिहीत सुटायची.

डेस म्हणजे डेस्पिना मारंगोस, गाणारी. मोठ्या कंपन्यांनी तिला कधी हिंग लावून विचारलं नव्हतं, आणि तिच्या चाहत्यांना त्याचाच अभिमान होता. मेलबर्नच्या उत्तरेला, प्रेस्टनमधल्या एका टायरच्या दुकानाच्या माडीवर 'क्रुकेड पॅडक' नावाची चिमुकली रेकॉर्ड कंपनी होती. ती डेसचे अल्बम काढायची, आणि डेसबद्दल जगाला जे काही कळायचं ते मेरिन लिहायची. या कामाला कंटेंट मार्केटिंग असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात काम एवढंच, की गाणारीने गावं आणि उरलेला दिवस ती कशी जगते ते दुसऱ्याच कुणीतरी तिच्या नावाने लिहावं. चाहत्यांना वाटतं ती आपल्याशी बोलतेय. धंद्यात याला कुणी फसवणूक म्हणत नाही, कारण सगळेच करतात.

डेस स्वतः फोनला हातही लावत नसे. "लिही तुला हवं ते, मला दाखवूही नकोस," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मग मेरिन लिहिणार काय? स्वतःचंच. अंगणातलं रुसलेलं लिंबाचं झाड, जेवायला हिच्याकडे आणि झोपायला मालकाकडे जाणारं शेजारचं मांजर, चहा करताना चुकून दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचा, ती सवय. हे सगळं डेसचं म्हणून जायचं आणि लोक वेडे व्हायचे. नॉरीन नावाची एक बाई तर प्रत्येक पोस्टखाली लिहायची, 'माझंही असंच आहे गं.' मेरिन डेस होऊन तिला उत्तर द्यायची. खरं सांगायचं तर मेरिन सगळ्यात जास्त बोलायची ती या नॉरीनशीच, फक्त नॉरीनला त्याचा पत्ता नव्हता.

इथवर ती सुखासुखी पोचलेली नव्हती. विशीत तिने भिंतींवर पोस्टरं चिकटवली, पबच्या दाराशी उभं राहून बँडचे टी-शर्ट विकले, कुणी वाचत नसलेल्या मासिकांत फुकट परीक्षणं लिहिली. बरोबरचे मित्र हळूहळू लग्नं करून लांबच्या उपनगरांत गेले. आई वारली. भाऊ पर्थला होता, त्याला बहिणीचा वाढदिवस आठवायचा, पण तो होऊन गेल्यावर. पॅडकमध्येही ती कायम नव्हती. अल्बम निघाला की काम, संपला की 'कळवतो'. एकदा का कायमची नोकरी लागली की आपणही कुणीतरी आहोत असं चारचौघांत सांगता येईल, ही एकच आशा तिने धरून ठेवली होती.

जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका मंगळवारी संध्याकाळी, हीटरपाशी पाय शेकत बसलेली असताना, तिला अचानक धीर आला. स्वतःच्या खात्यावर तिने लिहिलं, 'रविवारी मी तेहतीस वर्षांची होतेय. कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी एडवर्ड्स लेकच्या काठी, बार्बेक्यूच्या चुलींपाशी असेन. आलात तर भोपळ्याचं सूप मिळेल. नाही आलात तर मी एकटीच पिईन.' पाठवलं आणि लाजून फोन पालथा टाकला. तिच्या खात्यावर मोजकी माणसं, त्यातही निम्मे बँड. पण दोघं-तिघं आली तरी पुष्कळ होतं.

टोस्ट भाजून परत आली तर फोन थरथरून टेबलाच्या कडेला आला होता. ती बघतच राहिली. एकाच फोनवर दोन खाती, वरच्या गोल फोटोवर बोट दाबून बदलायची. ते बोट दाबायचंच राहिलं होतं. पोस्ट डेसच्या खात्यावर गेली होती, आणि हजारोंनी लोक तिला पोटाशी धरत होते. मेरिन पोस्ट पुसायला गेली, तेवढ्यात फर्गसचा फोन. फर्गस टोली म्हणजे पॅडकचा मालक, मॅनेजर आणि हमाल, सगळं एकच.

"मेरिन, पुसू-बिसू नकोस हं. काय लिहिलंयस. माझ्या अंगावर काटा आला."

"फर्गस, ते चुकून गेलंय. मला ते..."

"अगं, आपली पोस्ट गुरुवारची असते आणि तू मंगळवारी टाकलीस, माहितीये मला. सोड ना. अल्बम येतोय आणि तू असली कल्पना काढतेस. एकटी सूप पिईन म्हणे. लोक रडतायत तिकडे."

"तसं नाही रे. डेसचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो."

"कुठे छापलंय?"

"कुठेच नाही. तिचं माहितीचं पान मीच भरते. तारखेची जागा रिकामी आहे."

"मग भर की," फर्गस म्हणाला. "आणि ऐक, सोमवारी जरा लवकर ये. तुझं कायमचं करून टाकू. किती दिवस लोंबकळत राहणार तू तरी?"

जिच्यासाठी इतकी वर्षं झुरली ती गोष्ट अशी फोनवर, सहज मिळाली. आता 'अरे, तो वाढदिवस माझा आहे' म्हणायचं कसं? म्हटलं तर पोस्ट पुसावी लागणार, लोक चिडणार, आणि सोमवारी कायमचं व्हायचं ते राहूनच जाणार. "लवकर येते," मेरिन म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने डेसचं पान उघडलं आणि रिकाम्या जागेत आपली जन्मतारीख भरली. वर्षसुद्धा तेच. मग तिला इतकं एकटं वाटलं की टोस्ट तसाच ठेवून ती अंथरुणात शिरली.

रविवारी तळ्याकाठी जत्राच भरली. फिकट ऊन होतं, गार वारा होता, काळे हंस पावाच्या आशेने काठाला आले होते. लोकांनी सतरंज्या, थर्मास, लॅमिंग्टन केकचे डबे, कुत्री, पोरंबाळं सगळं आणलं होतं. चुलींवर सॉसेज चरचरत होते. आणि सूप तर विचारूच नका, प्रत्येकाने भोपळ्याचंच आणलं होतं. ती एकटी पिईल म्हणाली होती ना. मेरिन आपलं पातेलं घरीच ठेवून आली होती, कारण तिला व्हिडिओ काढायचा होता.

डेस आली, गळ्यात मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा. बाई वाईट नव्हती. मेरिनला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आज माझं नक्की काय आहे म्हणे? वाढदिवस?"

"हो."

"कितवा?"

"तेहतिसावा."

"पाच वर्षं उडवलीस. देव तुझं भलं करो. आणि हे असलं सगळं सुचतं कुठून गं तुला?"

"सुचतं," मेरिन म्हणाली आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

गर्दीतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई थेट आली आणि डेसला तिने मिठीतच घेतलं. "मी नॉरीन. इथल्याच रेझर्व्हॉरची. ओळखलंस ना?" डेसने गोड हसून मान हलवली. नॉरीनने पिशवीतून मुरंब्याची बरणी काढली. "मार्मालेड आहे. तुझ्या लिंबाने यंदा रुसवा धरला म्हणालीस, म्हणून माझ्या झाडाचं केलं."

"कसलं लिंबू?" डेसच्या तोंडून निघून गेलं.

"अंगणातलं," मेरिन घाईने म्हणाली. "मागच्या दाराजवळचं. डेसला आज काही सुधरत नाहीये, एवढी माणसं बघून."

"हो, ते होय," डेस म्हणाली, आणि बरणी मेरिनच्या हातात देत, "धर गं जरा," करून पुढच्या माणसाकडे वळली.

नॉरीन मात्र हलली नाही. तिने मेरिनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि तू कोण गं पोरी?"

"मी व्हिडिओ काढते."

"काही खाल्लंस का?"

"नंतर खाईन."

"नंतरवाले उपाशीच जातात घरी." नॉरीनने थर्मासच्या झाकणात सूप ओतून तिच्यापुढे धरलं. "पी आधी. भाग्याची आहेस बाई, हिच्याजवळ काम करतेस. आमचे रॉन गेले ना, तेव्हा पोरंसुद्धा चार दिवसांत आपापल्या घरी पांगली. ही मला रोज लिहायची. म्हणायची, दोन कप काढलेस तर काढ, परत ठेवायची घाई करू नकोस. एवढी मोठी गाणारी, पण मला वेळ दिला तिने."

ते वाक्य लिहिताना मेरिन आपल्या स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्यासमोर दोन कप होते. आता ती बाई हातभर अंतरावर उभी होती. 'नॉरीन, ते मी लिहिलं होतं,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पलीकडून फर्गसने केक उचलून दाखवला आणि अंगठा वर केला.

"हो," मेरिन म्हणाली. "चांगली आहे ती."

सूप गरम होतं, मीठ जरा जास्त. तिने सगळं प्यायलं.

केक आला. लोक गोल करून उभे राहिले आणि त्यांनी वाढदिवसाचं गाणं धरलं, बेसूर पण अगदी मनापासून. कुत्री भुंकली, पोरं नावाच्या जागी ओरडली. डेसने छातीवर हात ठेवून डोळे मिटले. तिला ते छान जमायचं. मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या. मेरिनने रेकॉर्डिंग कानाशी लावून तपासलं. शब्दन् शब्द स्वच्छ आला होता. नॉरीनचा घोगरा आवाजसुद्धा वेगळा ऐकू येत होता.

"मिळालं?" फर्गसने विचारलं.

मेरिन त्याच्याकडे न बघता गर्दीकडे वळली. स्वतःहून ती इतक्या माणसांशी कधी बोलली नव्हती. "ऐका ना," ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणाल का? आवाज नीट आला नाही."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मशिनं कसली वापरता रे तुम्ही." नॉरीन म्हणाली, "म्हणू की. वाढदिवस काय रोज येतो?" फर्गसने मेणबत्त्या पुन्हा पेटवल्या.

मेरिनने बरणी काखेत धरली आणि फोन चेहऱ्यासमोर उचलला, पूर्ण चेहरा झाकेल इतका. रेकॉर्डिंगचं बटण तिने दाबलं नाही. तळ्याकाठची ती सगळी माणसं तिच्याकडे तोंड करून गायली. नावाची जागा आली तेव्हा सगळे डेस म्हणाले, आणि तिने फोनच्या आड आपलं नाव पुटपुटलं.

"आता आलं ना नीट?" फर्गस म्हणाला.

"आलं," मेरिन म्हणाली.