वाळ्यांचं वजन

अहो, दाराच्या मागं जरा डोकावून बघा. खिळ्याला टांगलेला, काचेवर धूळ बसलेला, खाली निळी झोळी लोंबणारा वजनकाटा दिसला ना? तोच मी बोलतोय. इथं बोलायला कुणी मिळत नाही हो, म्हणून तुम्हालाच धरलं.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात स्प्रिंग, तोंडावर गोल तबकडी आणि एक सुई, एवढाच माझा संसार. खोक्यात घालून मला शिरूरला आणलं, तिथल्या कचेरीत फळीवर बरेच दिवस धूळ खात ठेवलं आणि मग मांडवगण फराट्याकडच्या एका वस्तीवर, अंगणवाडीच्या आढ्याला अडकवलं. सरकारनं ठरवलंय, गोरगरिबांचं लेकरू दर महिन्याला तोलायचं. अर्धपोटी राहणारं लेकरू वेळेत कळलं पाहिजे. ते शोधून द्यायचं काम माझं. ऊस आणि कांदा तोलणाऱ्या काट्यांना असला मान नाही, असं मी स्वतःलाच सांगायचो.

मान होता, पण माया नव्हती. महिन्यातला एकच दिवस माझा. त्या दिवशीही झोळीत बसवलं की लेकरू भोकाड पसरायचं, आणि सुई थांबली रे थांबली की आई त्याला उचलून छातीशी धरायची. आयाही मोठ्या गमतीच्या. आपल्या लेकराचं राहिलं बाजूला, शेजारणीच्या लेकराचा आकडा ऐकायला कान टवकारायच्या. मग पुढचा महिनाभर मी आणि भिंतीवरची पाल.

त्या लेकरांत एक होती प्रांजल. तिची आई वैष्णवी आणि बाप, दोघंही कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जायचे. खोलीवर सांभाळायला कुणी नाही, म्हणून पोर इथं आईच्या आईजवळ, सोजरबाईजवळ ठेवलेली. सोजरबाईचा जीव की प्राण ती. पण कांदा काढायला जायचं तर पोरीला दिवसभर चहा-बिस्किटावरच ठेवावं लागायचं. अंगणवाडीतून मिळणारं पोषण आहाराचं पाकीट पोर तोंडात घेत नव्हती, ते शेळीच्या पोटात जायचं. शेळी मात्र चांगली गुटगुटीत झाली होती.

एकदा वजनाच्या दिवशी कुणीतरी बोललं, "आजीजवळ लेकरू सुकलं गं!" ते सोजरबाईच्या जिव्हारी लागलं. वैष्णवीच्या कानावर गेलं तर ती पोरीला घेऊन जाईल, अशी धास्तीच तिनं घेतली.

पुढच्या महिन्यात प्रांजल आली ती अंगात जाड स्वेटर आणि पायांत चांदीचे जुने, भक्कम वाळे घालून. सोजरबाईच्या माहेरचे होते ते. लेकराला नुसत्या झबल्यावर तोलायचं, असा नियम. सेविका शितलताई म्हणाली, "आजी, स्वेटर आन् वाळे उतरवा."

"स्वेटर काढ. वाळ्याला हात लावू नगं, बाई. लेकराच्या मोकळ्या पायाला नजर लागती."

शितलताईला म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवेना. आकडा वाढीच्या तक्त्यावरच्या लाल पट्ट्याच्या जरासा वर गेला आणि तिला हायसं वाटलं. मला नाही वाटलं. लेकराचं अंग झोळीत वळवळतं, चांदी नुसती पडून राहते; माझ्या स्प्रिंगला दोन्हीतला फरक कळतो. पण मला आकडा तेवढा दाखवता येतो, बोंब मारता येत नाही. इतका एकटा मी कधीच पडलो नव्हतो.

लाल पट्ट्यातल्या, म्हणजे फारच कमी भरलेल्या लेकरांसाठी तिथंच ग्राम बाल विकास केंद्र चालायचं. थोड्या थोड्या वेळानं अंडं, खिचडी, खीर भरवायचे. डॉक्टर तपासून जायचे. प्रांजल दारात बसून दुसऱ्यांच्या वाट्या बघायची. ते वाळे तिला आत येऊ देत नव्हते.

असे दोन-तीन महिने गेले. मग एका वजनाच्या दिवशी सुट्टी काढून वैष्णवीही आली. प्रांजल झोळीत पाय झाडायला लागली, आणि एक वाळा पायातून सटकून खणकन फरशीवर पडला. सुई सगळ्यांच्या देखत जराशी मागं सरली. वाळ्याला तुटका काळा दोरा लटकत होता.

वैष्णवीनं तो उचलला. "आये, ह्यो दोरा कशाला बांधला व्हता?"

"पायात ठरत न्हवता गं," सोजरबाई म्हणाली. मग तिनं स्वतःच्या हातानं दुसराही वाळा काढला. "आता तोल, बाई. खरं काय ते कळू दे."

सुई लाल पट्ट्यातल्या आकड्यावर येऊन थांबली. त्याच दिवशी प्रांजलचं नाव केंद्रात घातलं. सोजरबाईनं कांद्याचं काम सोडलं आणि घास न् घास स्वतः भरवला. पोर भरली. शेवटच्या वजनाला तर झोळीत बसून चक्क हसली. त्याआधी मला बघून कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर वैष्णवी तिला न्यायला आली. कुणाला बोल लावला नाही तिनं. "आये, तिकडच्या अंगणवाडीत नाव घातलंय. मी दिवसपाळी करीन, हे रातपाळी. तू बी चल."

"शेळी कुणावर टाकू?" सोजरबाई म्हणाली. शेळीचं निमित्त होतं. लेकीला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती.

पुढं अंगणवाडीत डिजिटल काटा आला आणि मी दाराच्या मागं गेलो. सोजरबाई मात्र वजनाच्या दिवशी अजून येते, कोपऱ्यात बसते. परवा बाया पांगल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि ते वाळे माझ्या झोळीत ठेवले. सुई जेमतेम हलली.

"एवढंच व्हय रं?" ती मला म्हणाली. मग झोळीवरून हात फिरवत बसली. "ह्यात बसली की लई रडायची."

शेवटी हसली होती, आजी, असं मला सांगायचं होतं.

मंडळी, लेकराला तोलायला न्याल तेव्हा मोकळ्या अंगानं न्या. कुणाचं कमी भरलं तर त्या घराला नावं ठेवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी कुरकुंभकडं जाणार असेल, तर प्रांजलचं वजन किती झालंय तेवढं विचारून या आणि सोजरबाईला सांगा. जरा मोठ्यानं सांगा, म्हणजे दाराच्या मागंही ऐकू येईल.