अल्सीद मास्तरांचा अंगठा

“चालेल,” अल्सीद मास्तर म्हणाले.

ते घड्याळ चालणारं नव्हतंच. क्रोनोग्राफचं बटण दाबलं की सेकंदकाटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. त्या दाबण्याची सगळी गोडी आतल्या एका पोलादी तरफेवर असते, आणि सकाळी त्या तरफेवर माझी कानस दोनदा जास्त फिरली होती. लोण्यात बोट जावं तसं बटण आत जात होतं. काल कामाला लागलेल्यानेही ते परत केलं असतं.

आमच्याकडून वर्षाला जेमतेम चाळीस घड्याळं बाहेर पडतात; सगळ्यांच्या तरफा मीच बसवते. घेणारे हौशी लोक सहा-सहा वर्षं थांबतात. आणि मास्तरांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय एकही घड्याळ डबीत जात नाही. डोळे मिटायचे, बटण दाबायचं, मग ‘चालेल’ नाहीतर ‘परत’. कित्येक वर्षं हेच चालत आलं होतं.

पण गेल्या आठवड्यात त्यांचा अंगठा उकळत्या कॉफीत बुडाला आणि माणूस हूं की चूं करीना. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. म्हणून आज ती बिघडलेली तरफ फेकून न देता मी तशीच बसवली आणि चेहरा सरळ ठेवून घड्याळ त्यांच्यापुढे नेलं.

आता बोलावं तर पंचाईत, न बोलावं तर पंचाईत. मालक तिएरीला कळलं तर म्हातारा घरी बसणार. त्यांची बायको बर्त गेल्यापासून त्या घरात बोलायला आहे कोण? आणि मी गप्प बसले तर असलं घड्याळ आमच्या नावाने जगात जाणार.

मी गवळ्याची मुलगी. पहिल्या दिवशी माझे जाडजूड हात बघून आमच्या ला ब्रेविन गावातले सगळे शहाणे हसले होते. मास्तर म्हणाले होते, “हसा. धार काढणाऱ्या हाताला दाब कळतो. तुम्हाला नुसते दात काढता येतात.” त्या माणसाने मला शेजारी बसवून एकेक तरफ शिकवली. हे मी कशी विसरू?

नऊच्या सुट्टीत कॉफी आणि बेदाण्यांचा पाव घेऊन मी त्यांच्याजवळ बसले.

“मास्तर, मघाचं घड्याळ खराब होतं. मला माहीत होतं.”

ते पाव चावत राहिले. मग म्हणाले, “तरीच. तरातरा आलीस.”

“म्हणजे?”

“काम जमलं की तू तशी येतेस. मनात शंका असली की काच दोनदा पुसतेस आणि पाय ओढत येतेस. ईस्टरपासून या हाताला काही कळत नाही, योलांद. मी तुझी चाल ऐकून निकाल देतोय.”

ईस्टरनंतर त्यांनी ‘परत’ म्हटलेली घड्याळं मी आठवून पाहिली. सगळी मला स्वतःलाच खटकलेली होती.

“फार लबाड आहात,” मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं, त्याला इलाज नव्हता. “मग चालू द्या तसंच. पुन्हा नाही फसवणार. कुणाला कळतंय?”

“आज तू मुद्दाम फसवलंस. उद्या तुझी चूक तुलाच कळली नाही, तर मी काय ऐकू?”

ते उठले आणि थेट तिएरीच्या खोलीत गेले. मीही मागोमाग.

“माझा अंगठा गेला,” त्यांनी सांगून टाकलं. “ईस्टरपासून निकाल हिचाच आहे. एकही वाईट घड्याळ बाहेर गेलेलं नाही. आता हिच्या नावाने चालू दे.”

तिएरीने माझ्याकडे बघून मान डोलावली. मग म्हणाला, “नऊच्या कॉफीला मात्र रोज यायचं, मास्तर. नाही आलात तर गाडी पाठवीन.”

“पाव ताजा ठेव. परवाचा नुसता दगड होता.”

दारात त्यांनी अंगातला कामाचा पांढरा डगला काढून माझ्याकडे दिला. मी म्हणाले, “फार उपकार आहेत तुमचे.”

“गप गं पोरी,” ते म्हणाले. चोपन्न वर्षांच्या पोरीचा हात त्यांनी उजव्या हातात घेतला आणि दाबला. आपण किती जोरात दाबतोय हे त्यांना कळत नव्हतं. माझी बोटं कळवळली. मी हात सोडवून घेतला नाही.