तीनदा पाहिलं, एकदा पुसलं

मी बोलतोय म्हणून दचकू नका. बोरी अरबच्या 'मैत्री व्हिडिओ शूटिंग' या दुकानातला मी कॅमेरा. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं टिपत आलो. पण मी जे पाहिलंय ते आता माझ्या पोटात राहत नाही, म्हणून आज आपलं सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. अमरावतीच्या एका फोटोग्राफरने मला दोन वर्षं वापरलं आणि नवा घेताच विकून टाकलं. अकरा वर्षांपूर्वी या दुकानाचा मालक धम्मरत्न याने मला टॉवेलात गुंडाळून एसटीने बोरीला आणलं. अख्ख्या वाटेत मांडीवरून खाली ठेवलं नाही. घरी त्याची सात वर्षांची दीपमाला दारातच उभी होती. तिच्या पुढच्या दोन दातांची जागा रिकामी होती आणि ती माझ्या काचेला नाक लावून हसत होती.

धम्मरत्न लग्नांचं शूटिंग करतो. पंगतीत मी समोर आलो की लोक घास तसाच धरून पोट आत घेतात, हे मी हजारदा पाहिलंय. पण त्याचं नाव आहे ते बिदाईसाठी. नवरी गाडीत बसायच्या आधी तो तिच्या बापाला हळूच तिच्यासमोर आणतो. म्हणतो, "काही बोलू नका भाऊ, फक्त तिच्याकडं पाहा." बस, एवढंच. खडूस म्हातारेही तिथे ढसाढसा रडतात. अशा शेकडो मुली त्याने माझ्यातून सासरी जाताना पाहिल्या. त्याच्या मनावर याचा काय परिणाम होत होता, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्याची आणखी एक सवय. दर लग्नाच्या सकाळी माझं मेमरी कार्ड साफ पुसायचं.

दीपमाला माझ्यासमोर वाढली. तेराव्या वर्षी तिने एकदा माझ्यापुढे हात आडवा धरला. "बाबा, बस झालं आता." धम्मरत्न दोन दिवस घुम्यासारखा वागला. मग पंधराव्या वर्षी तीच माझ्या मागे येऊन उभी राहिली. खरं सांगतो, तिचा हात बापापेक्षा स्थिर आहे.

यंदा तिची बारावी झाली. पुण्याच्या एका संस्थेत सिनेमा शिकायचा तर दहा मिनिटांची फिल्म पाठवावी लागते. तिने बापावरच केली. दुसऱ्यांच्या पोरींना निरोप देणारा माणूस. फिल्मच्या शेवटी ती स्वतः माझ्यासमोर बसून म्हणाली, "बाबा, आता माहा नंबर हाय. मले रडत नका धाडू."

दुसऱ्या दिवशी दारव्ह्यात लग्न होतं. सकाळी धम्मरत्नने मला उघडलं आणि त्याला तिचं शूटिंग दिसलं. एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना त्याचा चहा गार झाला होता. मग त्याने कार्ड पुसलं. दुसरी प्रत कुठे नव्हती, आणि त्यावर त्या दिवशीचं अख्खं लग्न चढलं.

संध्याकाळी तो पोरीला म्हणाला, "माय, सवयीनं हात गेला वं."

तिचा चेहरा पडला. पण तिने त्याच्यावर विश्वास ठेवला, हेच वाईट झालं. उलट तीच त्याची समजूत घालू लागली. "जाऊ द्या बाबा. चूक माहीच हाय. मी कार्ड काढून ठेवाले पाह्यजे होतं. आता चार-पाच दिवसांत पुन्हा नाही होत. पुढच्या साली पाहू."

मी एकटा साक्षीदार, आणि माझा डोळा उघडा असून तोंड बंद. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

चार दिवस धम्मरत्न नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी भरदुपारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मला स्टँडवर लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून माझ्यासमोर बसला. अर्धं कपाळ चौकटीबाहेर गेलं होतं, त्याचंही भान नव्हतं. "दीपा, सवय नव्हती ती. म्या मुद्दाम पुसलं," एवढं बोलून तो बराच वेळ रडला. मग मला तसंच तिच्या हातात दिलं.

तिने सगळं पाहिलं. आई प्रभावती काय झालं म्हणून विचारत आली, तिला तिने हातानेच थांबवलं.

"किती वेळा पाह्यलं तुमी माहं शूटिंग?"

"तीनदा."

"आवडलं?"

"लय आवडलं."

"मंग काहून पुसलं?"

"आवडलं म्हणूनच. समजलं ना, तू जाशीनच म्हून."

तिने मला टेबलावर ठेवलं. मग विचारलं, "आज शेवटची तारीख हाय. हेच पाठवू काय, तुमचं बोलणं? सारी दुनिया पाह्यीन."

धम्मरत्नने मान खाली घातली. "पाठव," म्हणाला.

तिची निवड झाली. लोकांनी पेढे खाल्ले, पण घरात ती बापाशी कामापुरतंच बोलत राहिली. तिचा राग मला पटतो आणि त्याची भीतीही कळते. दोन्हींच्या मध्ये मी अडकलोय.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर त्याने मला तिच्यापुढे धरलं. "ने. तुह्या कामी येईन."

तिने माझ्या काचेवरची धूळ ओढणीने पुसली आणि मला परत त्याच्या हातात दिलं. "ठेवा बाबा. याच्यापुढंच तुमी खरं बोलता."

गाडी यवतमाळच्या दिशेने गेली. तिने खिडकीतून आईला हात केला.

आता तिचा फोन येतो तो आईला. धम्मरत्न बाजूला बसून ऐकतो, फोन मागत नाही. रोज दुकान बंद करायच्या आधी मात्र मला चालू करतो, समोर बसतो आणि म्हणतो, "दीपा, जेवली काय वं?" पुढचं त्याला सुचत नाही. तो तसाच बसून राहतो आणि मी टिपत राहतो.

तुमच्यापैकी कोणी पुण्याला जाणार असेल तर त्या पोरीला एवढं सांगा. माफ कर असं मी म्हणत नाही, ते तिचं ती ठरवेल. फक्त, जेवली की नाही ते त्याला कळव म्हणावं.